झोपलेल्या मुलाची राखण कोणी करायची?

मजुरी, महागाई भत्ता, बोनस आणि कामाचे तास या प्रश्नांवर कामगार चळवळीत जेवढा विचार झाला, त्याच्या शतांशानेही विचार एका साध्या प्रश्नावर झालेला नाही. कामकरी स्त्रीचे तान्हे मूल दुपारी कोठे झोपते आणि ते झोपलेले असताना त्याच्याजवळ जागे कोण असते, हा तो प्रश्न. तो सभेत निघाला की पुष्कळांच्या चेहऱ्यावर स्मित उमटते. हा घरगुती मामला आहे, महिला आघाडीने पाहावा, असे म्हणून विषय संपवला जातो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की तान्ह्या मुलाची झोप हा श्रमाच्या बाजारातला प्रश्न आहे, आणि मुंबईच्या गिरणगावात तो शंभर वर्षांपूर्वीच त्या स्वरूपात उभा राहिला होता.

१९२१-२२ साली मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांना कामकरी स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यास नेमले. त्यांच्या पाहणीतील एक आकडा पुढे अनेक ग्रंथांतून उद्धृत झाला : कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या शंभरातील ९८ अर्भकांना अफू दिली जात होती. बाळगोळी या गोंडस नावाने ती बाजारात सहज मिळे. पहाटे गोळी चाटवायची, मूल गुंगीत पडे, आणि आई भोंग्याच्या वेळी खात्यात हजर होई. त्याच सुमारास, १९२१ साली, मुंबईतील बालमृत्यूचे नोंदलेले प्रमाण हजारी ६६६ होते. या सर्व मृत्यूंचे खापर अफूवर फोडणे चुकीचे ठरेल. एका खोलीत कोंबलेली बिऱ्हाडे, घाणेरडे पाणी आणि उपासमार ही कारणे मोठीच होती. परंतु बाळगोळीचा अर्थ त्यामुळे बदलत नाही. त्या आया अडाणी किंवा निर्दय होत्या, असे त्या काळच्या सुखवस्तू सुधारकांना वाटे. वस्तुतः त्यांच्यापुढे दोनच मार्ग होते. जागे मूल खोलीत एकटे ठेवायचे, किंवा गुंगीतले मूल एकटे ठेवायचे. तिसरा मार्ग, म्हणजे मुलाजवळ एक जागे माणूस ठेवण्याचा, पैसे खर्चून उघडायचा होता आणि तो खर्च गिरणीमालकाला नको होता. गिरणीचा नफा ज्या अनेक गोष्टींवर उभा होता त्यांत ही अफूही होती, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

या पाहणीनंतर चळवळ हलली हे मात्र नमूद केले पाहिजे. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. मुंबई इलाख्यात आलेल्या तशाच विधेयकाला १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, आणि १९२९ साली मुंबईचा प्रसूतिलाभ कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ४८ व्या कलमाने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यावर पाळणाघराचे बंधन घातले; १९७६ च्या दुरुस्तीने ती संख्या ३० वर आणली. या कायद्याखालील नियम वाचण्यासारखे होते. प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र खाट किंवा पाळणा आणि आवश्यक ते अंथरूण-पांघरूण असलेच पाहिजे, अशी भाषा त्यांत होती. म्हणजे मुलाला स्वतःची झोपण्याची जागा असणे हा हक्क आहे, ही गोष्ट या देशाच्या कायद्याने फार पूर्वीच मान्य केली होती. पुढे झाले ते असे की हक्क कागदावर राहिला आणि ज्या स्त्रियांना तो लागू होता त्याच हळूहळू गिरण्यांतून बाहेर गेल्या.

संख्येचा सापळा

पाळणाघराच्या आजवरच्या कायद्यांत बहुतेक ठिकाणी एक संख्या घातलेली आढळते, आणि मालकवर्गाची सारी बुद्धी त्या संख्येच्या खाली राहण्यात खर्च होते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर सांगितले. बिल्डरने मग एकाच इमारतीचे काम पाच ठेकेदारांत वाटले. प्रत्येकाच्या हजेरीपटावर दहा-पंधरा बायका. पन्नास कोणाकडेच नाहीत. इमारत एकच, खडीचा ढीग एकच, त्या ढिगाच्या सावलीत झोपलेली मुले तीच. कायदा मात्र तेथे पोचत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि हे जुने कायदे त्यांत विलीन झाले. सामाजिक सुरक्षा संहितेने ५० कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराचे बंधन ठेवले आहे. यात स्त्री व पुरुष दोघेही मोजले जातात. तत्त्व म्हणून हे स्वागतार्ह आहे, कारण मूल एकट्या आईचे नसते आणि केवळ बायका मोजल्या की बायकांनाच कामावरून कमी करण्याचा मोह मालकाला होतो. परंतु चाळीस शिलाई-यंत्रांवर चाळीस बायका बसतात असा जो लहान कारखाना, त्याला १९७६ नंतर बंधन होते. नव्या हिशेबात तो सुटला. आणि अशाच लहान कारखान्यांतून आज स्त्रिया मोठ्या संख्येने राबत आहेत.

ऊसतोडीच्या फडात तर हा सापळा अधिक क्रूर आहे. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. हिशेबाच्या वहीत नाव नवऱ्याचे असते. म्हणजे जी बाई पहाटे अंधारात फडात उतरते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, ती कामगार म्हणून कोठेच नोंदलेली नसते. मग तिच्यासारख्या पन्नास बायका मोजायच्या कशा? जी स्वतः मोजली जात नाही तिचे मूल कोण मोजणार? ते मूल फडाच्या कडेला पाचटावर, वाढ्यांच्या आडोशाला किंवा दोन खुंटांना बांधलेल्या साडीच्या झोळीत झोपते. त्याच वाटेवरून ट्रॅक्टर मागे येतो, बैलगाड्या वळतात. उसात साप असतात. नाशिक, अहिल्यानगर, जुन्नर या पट्ट्यात बिबटे असतात. आणि हे सारे ज्या साखर कारखान्यांसाठी चालते त्यांतील कितीएक सहकाराच्या नावाने, शेतकऱ्याच्या नावाने, क्वचित समाजवादाच्याही नावाने उभे राहिलेले आहेत.

झोप म्हणजे काय, हे समजून घेऊ

मुलाच्या सुरक्षित झोपेचा प्रश्न काढला की आपल्याकडे एक ठराविक उत्तर येते : आपण सगळे असेच वाढलो. हे उत्तर जे वाढले ते देतात. जे वाढले नाहीत त्यांना उत्तर देण्याची सोय नसते.

तान्हे मूल झोपेत का दगावते याविषयी गेल्या काही दशकांत बरेच ज्ञान जमा झाले आहे, आणि त्यातील फार थोडे आपल्या पाळणाघरांत पोचले आहे. वर्षाच्या आतील मूल पाठीवर झोपवावे. अंथरूण सपाट आणि घट्ट असावे. तोंडाजवळ उशी, जाड दुलई, गोधडीची घडी किंवा मऊ खेळणे नसावे. गळ्यात दोरा, ताईत किंवा लोंबती दोरी नसावी. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १९९२ साली मुलांना पालथे झोपवू नये अशी शिफारस केली, १९९४ साली तेथे त्यासाठी देशव्यापी मोहीम झाली, आणि पुढील दशकभरात झोपेतील आकस्मिक अर्भकमृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. नवे औषध नाही, यंत्र नाही. केवळ मूल कसे ठेवावे हे आयांना सांगितले गेले.

या कथेला दुसरी बाजू आहे. घरे शिकली, पाळणाघरे मागे राहिली. २००० साली डॉ. रेचेल मून व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की त्या देशात अशा मृत्यूंपैकी सुमारे पाचवा हिस्सा मूल दुसऱ्याच्या सांभाळात असताना होत होता, आणि अपेक्षेपेक्षा हे प्रमाण बरेच जास्त होते. घरी पाठीवर झोपण्याची सवय असलेले मूल पाळणाघरात पालथे घातले की धोका वाढतो, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण. घरी जे शिकवले गेले ते सांभाळणाऱ्या बाईला कोणी शिकवलेच नव्हते. श्रीमंत देशात, कायदे आणि परवाने असताना ही स्थिती होती. जेथे सांभाळणारीच नाही तेथे काय असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

आपल्याकडील झोळीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. आईच्या साडीची झोळी हा गरिबाने शोधलेला उपाय आहे आणि तिच्याविषयी तुच्छतेने बोलण्याचा अधिकार कोणाला नाही. जमिनीवर विंचू-काटा असेल, ओल असेल, तर मूल वर टांगणे शहाणपणाचेच आहे. परंतु झोळीत अगदी लहान मुलाचे अंग वाकते, हनुवटी छातीला टेकते, आणि मान सावरण्याची ताकद नसलेल्या मुलाची श्वासनलिका दबू शकते. जवळ आजी बसून हलवत असेल तर ती पाहते, सरळ करते. झोळी धोक्याची होते ती जवळचे माणूस गेल्यावर. म्हणून झोळीला दोष देऊन आणि आईला उपदेश करून भागणार नाही. झोळीजवळचे माणूस कोठे गेले, हे विचारले पाहिजे. ते फडात गेले, कारण घरातली आजीदेखील मोळ्या बांधते.

किंवा मग झोळीजवळ दुसरे एक माणूस असते, आणि त्याविषयी आपण सर्वांत कमी बोलतो. ते माणूस म्हणजे आठ-दहा वर्षांची बहीण. धाकट्याला झोपवायचे, माश्या वारायच्या, रडला तर फडात नेऊन आईच्या अंगावर द्यायचा, ही तिची शाळा. साखरशाळांचा प्रयोग महाराष्ट्रात झाला. परंतु त्या शाळेत धाकट्याला घेऊन बसायला जागा नसेल तर ही मुलगी येणार कशी? मुलींच्या गळतीवर परिसंवाद भरवणाऱ्यांनी या एका गोष्टीचा विचार करावा. पाळणाघर नसले की त्याची किंमत कोणीतरी देतेच. मालक देत नाही, सरकार देत नाही, म्हणून ती दहा वर्षांची मुलगी देते.

शहरातील पाळणाघरांची गोष्ट वरवर वेगळी दिसते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने केलेली मारहाण कॅमेऱ्यात टिपली गेली. क्षोभ उसळला आणि सर्वत्र कॅमेऱ्यांची मागणी झाली. कॅमेरा असावा, परंतु कॅमेरा पालथे पडलेले मूल उताणे करत नाही. पाळणाघराच्या धंद्यात दुपारची झोप ही सर्वांत स्वस्त वेळ समजली जाते. मुले झोपली की दोघींपैकी एक बाई स्वयंपाकाला किंवा घरी जाते, आणि दुसरीचाही डोळा लागतो. मूल जितके जास्त झोपेल तितके माणूस कमी लागते, म्हणून मूल झोपलेले राहावे अशी इच्छा धंद्याच्या पोटातच असते. बाळगोळीमागचे गणित हेच होते. सर्दी-खोकल्याचे गुंगी आणणारे औषध सहज हाताशी असताना ते गणित आज कोणाला सुचणारच नाही, अशी खात्री कोण देईल?

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु विभागाला आग लागून दहा अर्भके दगावली. ते रुग्णालय होते, पाळणाघर नव्हे. परंतु ज्या खोलीत तान्ही मुले झोपतात त्या प्रत्येक खोलीला तो धडा लागू आहे. तान्हे मूल धूर आला म्हणून उठून पळत नाही. एका बाईला दोन्ही हातांत घेऊन जितकी मुले बाहेर नेता येतील, तेवढीच तान्ही मुले तिच्या स्वाधीन करावीत, हा कोणत्याही आराखड्यापेक्षा सरळ नियम आहे.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप पैशाचा. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्याच निकालपत्रात आहे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवून कामगार कल्याणाचा जो निधी जमतो, त्यात ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमा झाले आणि त्यांपैकी सुमारे ९,५०० कोटीच खर्च झाले, असे न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये नोंदवले व सरकारांची कठोर शब्दांत हजेरी घेतली. ज्यांच्या घामावर हा निधी उभा राहिला त्यांची मुले सिमेंटच्या पोत्यांवर झोपत असताना पैसा तिजोरीत झोपला होता.

दुसरा आक्षेप मालकांचा आणि तो अधिक गंभीर आहे : पाळणाघराचा बोजा टाकाल तर आम्ही बायकांना कामावरच घेणार नाही. मुंबईच्या गिरण्यांतून स्त्रियांचे प्रमाण कसे घटत गेले हे ज्यांना ठाऊक आहे ते या धमकीला पोकळ म्हणणार नाहीत. म्हणून चळवळीने मागणीच बदलली पाहिजे. खर्च एकेका मालकावर, त्याच्याकडील बायकांच्या संख्येवरून न टाकता, सबंध उद्योगावर टाकावा. प्रत्येक मालकाने एकूण मजुरीवर, साखर कारखान्याने गाळलेल्या टनावर, बिल्डरने बांधकाम खर्चावर ठराविक वाटा द्यावा. मग त्याच्याकडे शंभर बायका असोत की एकही नसो. असे झाले की बाई कामावर घेतल्याने मालकाचा पैसा वाढत नाही आणि न घेतल्याने वाचत नाही.

तिसरा आक्षेप असा की सरकारी योजना आहेतच. अंगणवाडी १९७५ पासून आहे. परंतु ती काही तास चालते आणि मुख्यतः तीन वर्षांपुढील मुलांसाठी बसवलेली आहे. तीन वर्षांखालील मुलाच्या वाट्याला येतो तो घरी न्यायचा शिधा. पाळणाघरांची केंद्रीय योजना २००६ साली सुरू झाली. २०१७ साली तिच्या खर्चाची वाटणी केंद्र, राज्य आणि स्वयंसेवी संस्था यांत नव्याने झाली, आणि देशभर वीस हजारांहून अधिक असलेली केंद्रे काही वर्षांत काही हजारांवर आली. त्या योजनेत पंचवीस मुलांमागे दोन बायका होत्या. सेविकेचे मानधन महिना ३,००० रुपये, मदतनिसाचे १,५००. २०२२ पासून पाळणा या नावाने अंगणवाडीला जोडून केंद्रे सुरू करण्याचे धोरण आले. दिशा बरोबर आहे. परंतु देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या असताना उद्दिष्ट १७ हजारांचे. मानधन या शब्दातच सारी लबाडी आहे. पंचवीस मुलांचे श्वास ज्या बाईने मोजायचे तिच्या श्रमाला वेतन म्हणायचे नाही, आणि मग ती दुपारी दुसरे काम शोधते म्हणून तिलाच दोष द्यायचा.

काय मागायचे

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र गुंफल्या, कारण धाकटे मूल सांभाळले गेल्याशिवाय मोठे शाळेत येत नाही हे त्यांनी आदिवासी पाड्यांवर पाहिले होते. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागेवरच फिरते पाळणाघर सुरू केले. पुढे ते काम मुंबईतही आले. आणि २००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक अत्यंत शहाणी तरतूद होती : कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असतील तर एका स्त्रीला त्यांच्या देखभालीसाठी नेमावे आणि तिला इतरांप्रमाणेच मजुरी द्यावी. या तरतुदीने बायका मोजल्या नाहीत, हजेरीपट पाहिला नाही. तिने मुले मोजली. अंमलबजावणी तुटपुंजी झाली, तरी तत्त्व हेच खरे आहे. कायद्याने मुले मोजावीत. मुलाला ठेकेदारांत वाटून टाकता येत नाही, आणि अर्ध्या कोयत्यात दडवताही येत नाही.

तेव्हा मागण्या थोड्या आणि स्पष्ट असाव्यात. जेथे पाच मुले तेथे पाळणाघर, मग ते फड असो, वीटभट्टी असो वा शिलाईचा कारखाना. खर्च उद्योगाच्या सामाईक निधीतून. प्रत्येक मुलाला स्वतंत्र सपाट अंथरूण, मच्छरदाणी, धूर व रहदारीपासून दूर हवेशीर जागा. मुले झोपलेली असताना त्याच खोलीत एक जागे माणूस, ज्याला त्या वेळी दुसरे कोणतेही काम सांगितले जाणार नाही. मूल पाठीवर झोपवण्यापासून श्वास अडकल्यास काय करावे इथपर्यंतचे शिक्षण, आणि त्या कामाला कुशल कामगाराचे वेतन. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गुंगीच्या औषधाला पूर्ण बंदी. आणि तपासणीचा अधिकार आयांच्या समितीला, कोणत्याही वेळी, न सांगता.

पाळणाघराची मागणी कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत आजही सापडते. बहुधा शेवटून दुसरी. वाटाघाटीच्या टेबलावर सर्वांत आधी सोडून दिली जाते तीही तीच. याचे कारण टेबलाच्या दोन्ही बाजूंना पुरुष बसलेले असतात. पुढील गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी एक साधी पाहणी करावी. आपल्या भागातील फडांवर, भट्ट्यांवर, बांधकामांवर दुपारी दोन वाजता जावे आणि झोपलेली मुले मोजावीत. प्रत्येक मुलाजवळ जागे कोण आहे ते लिहून घ्यावे. कोणी नाही, असे असेल तर तसे लिहावे. बहीण असेल तर तिचे वय लिहावे. ती यादी घेऊन साखर कारखान्याच्या संचालकांकडे, कामगार आयुक्तांकडे आणि आपल्या आमदाराकडे जावे. मुले मोजण्याचे काम कायद्याने केले नाही, ते आपण सुरू करू.